पुढे पळालेली पेन्सिल

माझा स्वभाव मुळात उतावळा. समोरचा माणूस वाक्य पुरं करायच्या आत मी ते पुरं करून मोकळी होते, आणि वर त्याला ते आवडलं असणार असं धरून चालते. घरच्यांनी हे सहन केलं, कारखान्यातल्या सुपरवायझरांनी केलं, पुढे नवऱ्यानेही केलं. या स्वभावापायी एका भल्या माणसाचं मी जे नुकसान केलं ते मात्र अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी सातपूरच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायच्या कामाला लागले होते. पगार बेताचा आणि काम कंटाळवाणं. त्यात मला हॅम रेडिओचं वेड लागलं. घरात एक यंत्र आणि गच्चीवर एक तार, एवढ्या भांडवलावर जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलता येतं, ही गोष्ट त्या काळात मला चमत्कारासारखी वाटायची. पण त्याला सरकारी परवाना लागे, परवान्याला परीक्षा लागे, आणि परीक्षेत मोर्स कोड असे. छोटा आवाज आणि लांब आवाज, एवढ्या दोनच गोष्टींतून सगळी इंग्रजी अक्षरं. पाच मिनिटं ते आवाज ऐकून अक्षरं कागदावर उतरवायची. पाच चुका माफ. सहावी झाली की नापास.

आमचा वर्ग रविवारी सकाळी अशोकस्तंभाजवळच्या एका ट्यूशनच्या खोलीत भरायचा. शिकवायला एक निवृत्त हवालदार होते. मूळचे चांदवडकडचे, लष्करात सिग्नलचं काम करत आयुष्य गेलेलं, आणि नंतर देवळालीला घर बांधून राहिलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोर्स पाठवायच्या खटक्यावर त्यांचं मनगट असं काही हलायचं की बघत राहावं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वहीतला टिंबं-रेघांचा तक्ता बघितला आणि वही मिटून बाजूला ठेवली.

"हे असं मोजून शिकशील तर जन्मात येणार नाय," ते म्हणाले. "कानातून थेट हातात आलं पायजे. मधी डोकं आणायचं नाय."

आता माझं डोकं मधे येण्यात पटाईत. काकांच्या रविवारच्या दोन तासांनी काही होईना, म्हणून मी मुंबईहून एक किट मागवलं आणि कारखान्यातून आल्यावर घरी बसून जोडलं. जेवणाच्या डब्याएवढी एक राखाडी पेटी. आत नऊ व्होल्टची बॅटरी, समोर एक छोटा स्पीकर आणि दोन गोल बटणं, एक वेगाचं आणि एक आवाजाच्या पट्टीचं. चालू केली की ती आपली आपण पाच-पाच अक्षरांचे गट पाठवत राही. त्या गटांना अर्थ नसे, त्यामुळे पुढचं अक्षर ओळखून चलाखी करायची सोय नव्हती. आम्ही सगळे तिला डबाच म्हणायचो.

या डब्याने माझं डोकं खरोखर बाजूला सारलं. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी एक तास. पहिले दोन महिने नुसती चिडचिड होती. पेन्सिली आपटल्या, कागद फाडले, एकदा तर डबाच माळ्यावर टाकून दिला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट खाली काढला. मग कधीतरी अक्षरं ओळखणं बंद झालं आणि नुसतं लिहिणं सुरू झालं. एकदा मी लिहीत असताना आई स्वयंपाकघरातून कुणाच्या तरी लग्नाचं विचारत होती. मी तिला नीट उत्तरं दिली, आहेर काय करायचा ते ठरवलं, आणि नंतर कागद बघितला तर हाताने मधल्या काळात दोन ओळी लिहून ठेवलेल्या. एक चूक नाही. मी ते कौतुकाने काकांना सांगितलं.

"आता हात तयार झाला तुझा," काका म्हणाले. मी त्या वर्षी मुंबईला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. त्यानंतर वर्गात माझी मान जरा जास्तच ताठ असायची.

दादा वर्गात आले ते त्यानंतर. ते एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. वय तेहतीस-चौतीस, कळवणकडच्या खेड्यातले, आणि लहानपणी तापात दोन्ही डोळे गेलेले. बोलणं मात्र असं स्वच्छ की त्यांना रेडिओवर बातम्या द्यायला बसवावं. पहिल्या दिवशी मी त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं, खुर्ची मागे ओढली, पाण्याचा ग्लास हातात दिला.

"बाई, घास पण भरवणार का?" त्यांनी विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी त्यांची 'बाई' झाले आणि ते माझे दादा.

त्यांना परवाना का हवा होता ते त्यांनी मला एकदा बसस्टॉपवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. "दिवसभर बोर्डवर बसून मी ह्याला त्याच्याशी जोडून देतो," ते म्हणाले. "दोघं बोलायला लागले की मी बाजूला व्हायचं. बारा वर्षं झाली. एकदा मला माझ्यासाठी कुणाला तरी हाक मारायची आहे. आणि समोरच्याला माझं काही माहीत नसावं. डोळे नाहीत हे नाही, आवाज नाही, काही नाही. नुसती अक्षरं."

मोर्स त्यांना कसा येत होता ते काय सांगू. मला जे तीन-चार महिन्यांत आलं ते त्यांना तीन आठवड्यांत आलं. पाठवण्यात तर काकासुद्धा त्यांच्या खटक्याकडे कान देऊन बसत. अडचण एकच, पण मोठी: ऐकलेलं कागदावर उतरवायचं कसं? ब्रेलची पाटी घेऊन बसले तर टोचणीचा टोच-टोच आवाज मोर्सच्या आवाजात मिसळायचा आणि सगळा काला व्हायचा. टाइपरायटरचा खडखडाट तर डब्याला गिळूनच टाकायचा. मग राहिला लेखनिक. ते ऐकतील आणि अक्षर मोठ्याने बोलतील, शेजारी बसलेला माणूस लिहील.

लेखनिक म्हणून मी बसणार हे मीच जाहीर करून टाकलं. इंग्रजी अक्षर पटकन लिहिणारं माझ्याइतकं कोण होतं?

काकांना ते पटलं नाही. "ज्याला कोड येतो त्यानं तिथं बसायचं नाय," ते म्हणाले. "बँकेतला कोणी शिपाई बसव, पण तू नको." मला वाटलं, काका नियमाचं बोलतायत. मी म्हटलं, "कोणाला कळणार आहे?" आणि विषय संपवला.

त्या वर्षी पुरेसे उमेदवार जमले म्हणून परीक्षक मुंबईहून नाशकात आले. एका कॉलेजची प्रयोगशाळा मिळाली होती. बाकी सगळ्यांचं झाल्यावर दादांना वेगळं बसवलं, कारण त्यांना मोठ्याने बोलावं लागणार होतं. खोलीत आम्ही तिघंच. परीक्षक साठीकडे झुकलेले, शांत गृहस्थ होते. खटका पुढ्यात ओढता ओढता त्यांनी मला सहज विचारलं, "तुम्हाला मोर्स येत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

दादांनी मान माझ्याकडे वळवली. क्षणभर वाटलं ते काही बोलतील. पण त्यांनी परत मान सरळ केली आणि हात मांडीवर ठेवले.

परीक्षकांनी खटक्यावर पाठवायला सुरुवात केली. त्यांची नजर पुढ्यातल्या मजकुरावर होती आणि कानाला हेडफोन, स्वतःचाच आवाज तपासायला; आम्हाला तो स्पीकरमधून ऐकू येत होता, दादांचं बोलणं मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. दादा एक अक्षर मागे राहून बोलत होते. अक्षर संपलं की ते उच्चारायचे आणि उच्चारताना पुढचं ऐकत राहायचे. दोन मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग परीक्षकांचा हात जरा अडखळला आणि सावरताना थोडा घाईत गेला. दादा दोन अक्षरं मागे पडले. मला ते जाणवलं. आणि माझी पेन्सिल पुढे गेली.

मी पुढे कित्येकदा स्वतःला विचारलं की हे मुद्दाम केलं की आपोआप झालं. खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन अक्षरं हाताने लिहिली. त्याला तेच शिकवलं होतं, कानातून थेट हातात. पण त्यानंतरची मी लिहिली. मला कळत होतं आणि मी लिहीत राहिले, कारण मला दादा पास व्हायला हवे होते, आणि ते माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

प्रयोगशाळेची लाकडी टेबलं पोकळ असतात. पेन्सिलीचा आवाज घुमतो. दादांनी एक अक्षर उच्चारलं, आणि त्या वेळी माझी पेन्सिल त्याच्या दोन अक्षरं पुढचं लिहीत होती. ते गप्प झाले. मला वाटलं हरवले बिचारे. मी त्यांना कोपराने हलकेच ढोसलं आणि लिहीतच राहिले. ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत.

पाच मिनिटं झाली. परीक्षकांनी हेडफोन काढला, कागद घेतला आणि बोट फिरवत वाचला. "अरे वा," ते म्हणाले, "एकही चूक नाही."

दादा उभे राहिले. "साहेब, मी अर्ध्यात बोलायचं थांबलो होतो," ते म्हणाले. "तरी कागद भरला असेल तर तो माझा नाही. माझा धरू नका."

परीक्षक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन काढलं, कागदावर आडवी काट मारली, सही केली आणि फाईल बंद केली. मी खाली बघत उभी होते. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला परत कधी वाटली नाही.

एरवी जिन्यावरून उतरताना दादा माझ्या कोपराला धरायचे. त्या दिवशी त्यांनी घडीची काठी उघडली आणि भिंतीच्या कडेने एकटे उतरले. मी मागून धावले. लाज वाटली की मला राग येतो, तसा तेव्हाही आला.

"मी काय वाईट केलं?" मी रस्त्यातच ओरडले. "तुमच्यासाठीच केलं ना? पास झाला होतात तुम्ही!"

"मी झालो होतो?" ते थांबून म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बाई, मला रोज हेच होतं. बँकेत मी चहाचा कप उचलायला जातो, तर कोणीतरी म्हणतं, राहू द्या, मी देतो. पैसे मोजायला घेतले, की राहू द्या, मी मोजतो. सगळी चांगली माणसं आहेत. मोर्समध्ये तसं कोणी करणार नाही म्हणून मी इथे आलो. तूही तेच केलंस." मग जरा थांबून ते म्हणाले, "तू खोटं बोललीस तेव्हाच मी बोलायला हवं होतं. ती चूक माझी. पण बाकीची तुझी."

शहर बस आली आणि ते चढले. मी चढले नाही.

नंतरचे चार-पाच महिने मी वर्गाला गेले नाही. कारखान्यात जास्तीचं काम आहे असं सांगत राहिले. घरी डब्याकडे बघवत नव्हतं. एका दुपारी मात्र तो चालू केला आणि स्वतःचीच परीक्षा घ्यायची ठरवली. आवाज चालू असताना काहीतरी वेगळंच लिहायचं. वाण्याची यादी लिहायला घेतली: तूरडाळ, गूळ, शेंगदाणे. तुरीच्या डाळीनंतर हाताने एक इंग्रजी अक्षर लिहिलं. खोडलं. गुळानंतर दोन लिहिली. पानभर तसंच झालं. मग मला काकांचं म्हणणं कळलं. ते नियमाबद्दल बोलतच नव्हते. ते माझ्या हाताबद्दल बोलत होते.

पुढची परीक्षा केव्हा होईल याचा पत्ता नव्हता, पण दादांनी तयारी सोडली नव्हती हे मला काकांकडून कळायचं. त्यांनी आधी बँकेतला एक सहकारी बसवून बघितला. तो दर चार अक्षरांनी "काय म्हणालास?" असं विचारायचा, तोवर दहा अक्षरं निघून जायची. मग एक ओळखीतले मास्तर बसवले. ते इतक्या सुवाच्य अक्षरात लिहायचे की पाच मिनिटांत निम्मंच लिहून व्हायचं. अक्षर ऐकलं की लिहायचं आणि लगेच पुढच्याला तयार राहायचं, ही सवय मोर्स शिकलेल्यालाच असते. ज्याला ती सवय नाही तो मागे पडत होता, आणि जिला होती ती पुढे पळत होती.

एक दिवस कारखान्यात माझ्यासाठी फोन आला. "जरा थांबा हं, जोडून देतो," असा ओळखीचा, अगदी ऑपरेटरी आवाज आला, मग मधेच थांबून म्हणाला, "जोडायचं कोणाला? मीच आहे. बाई, तुझा डबा चालू आहे का अजून?"

मी रडत रडत हो म्हणाले. सुपरवायझरना वाटलं घरी काही झालं.

रविवारी मी डबा घेऊन सिडकोत त्यांच्या घरी गेले. वहिनींना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्याही कळवणकडच्याच, चौथी शिकलेल्या, बारीक अंगाच्या आणि ठसठशीत बोलणाऱ्या. दादांनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं हे त्यांच्या पहिल्या नजरेतच कळलं. मी दादांना आधीच सांगून टाकलं की मी लेखनिक म्हणून बसणार नाही. "माझा हात ऐकत नाही," मी म्हटलं. "परत पळेल. मी तुम्हाला परत बुडवीन."

वहिनी चहा गाळत होत्या. गाळता गाळता म्हणाल्या, "उजव्या हाताला खोड लागली हाय ना? मंग डाव्यानं लिव्हा की. डाव्याला कोनी शिकिवलंय?"

इतकं शिकून डोक्यात एवढा पसारा मुरवलेला, आणि ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

डाव्या हाताने इंग्रजी अक्षरं काढायला मला दीड महिना लागला. पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून मी चार रेघांच्या वह्या भरल्या. मग खरा अभ्यास सुरू झाला. डबा टेबलावर ठेवायचा, दादांनी अक्षर बोलायचं, मी डाव्या हाताने ते लिहायचं. आणि दादा मुद्दाम चुकीचं बोलायचे. डबा एक अक्षर वाजवतोय, दादा भलतंच सांगतायत, आणि मी दादांचं ते भलतंच लिहायचं. पूर्वी डब्याने मला शिकवलं होतं की ऐकलं की लिही. आता त्याच्याच समोर बसून मी शिकत होते की ऐकलं तरी थांब.

सोपं नव्हतं. डावा हातसुद्धा लबाड निघाला, दोन आठवड्यांत तोही डब्याकडे कान द्यायला लागला. दादांना पेन्सिलीचा आवाज त्यांच्या बोलण्याआधी आला की ते टेबलावर थाप मारायचे. "पळाली!" आणि वहिनी एक लसणाचा गड्डा माझ्यासमोर आणून ठेवायच्या. दर चुकीला एक गड्डा सोलायचा, असा त्या घरचा कायदा होता. सुरुवातीच्या रविवारी मी इतका लसूण सोलला की सोमवारी कारखान्यातल्या बायका माझ्याजवळ बसेनात. वहिनींनी त्या वर्षी दोन बरण्या चटणी केली आणि एक मला दिली.

हळूहळू गड्डे कमी झाले. मधले कित्येक महिने आम्ही फार काही बोललोही नाही, नुसता डबा, त्यांचा आवाज आणि माझी पेन्सिल. मला तेव्हा एक गोष्ट कळली ती सांगितली पाहिजे. दादांचा आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. त्यांना काय म्हणायचं असेल ते मी आधीच ठरवून टाकायचे. आता पहिल्यांदा वाट बघत होते, एकेका अक्षराची. त्यांचा श्वास कुठे अडतो, कुठे त्यांना खात्री नसते तर आवाज जरा वर जातो, कुठे खात्री असते, हे सगळं ऐकू यायला लागलं. कुणाचं इतकं लक्ष देऊन ऐकायची मला सवय नव्हती. पुढे लग्न झाल्यावर नवऱ्याला याचा थोडाफार फायदा झाला असेल, तो मात्र तसं कबूल करत नाही.

परीक्षा दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर झाली. तेच कॉलेज, तीच खोली, आणि तेच परीक्षक. त्यांनी मला ओळखलं. ते काही विचारायच्या आतच मी बोलले, पण या वेळी खरं बोलले.

"सर, मला मोर्स येतो. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. या वेळी मी डाव्या हाताने लिहिणार आहे, आणि फक्त हे बोलतील तेच लिहीन. तुम्हाला चालणार नसेल तर मी बाहेर जाते."

त्यांनी दादांकडे बघितलं. "तुमचा हिच्यावर भरवसा आहे?"

"आता आहे," दादा म्हणाले.

या वेळी पाठवायला परीक्षकांनी यंत्र आणलं होतं, टेपवर मजकूर भरलेला. त्यांचे हात मोकळे होते. त्यांनी खुर्ची उचलली आणि माझ्या डाव्या हाताशी आणून ठेवली. चष्मा पुसला. मग टेप सुरू केली.

पहिलं मिनिट मी श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. दादा बोलत होते, मी लिहीत होते. अक्षरं वेडीवाकडी येत होती पण वाचता येण्यासारखी होती. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी एक अक्षर चुकीचं सांगितलं.

मला बरोबर अक्षर ऐकू आलं होतं. ते कानात स्पष्ट होतं. मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलली, ती मी मुठीत घट्ट दाबली. आणि डाव्या हाताने दादांनी सांगितलेलं चुकीचं अक्षर लिहिलं. सावकाश, नीट, गिरवल्यासारखं.

तिसऱ्या मिनिटात दुसरी चूक झाली आणि पाठोपाठ तिसरी. चौथ्या मिनिटात चौथी. प्रत्येक वेळी मी ती लिहिली. परीक्षक माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. मला माहीत होतं की दोन वर्षांचं काम, वहिनींचे सगळे रविवार, त्यांची ती एक हाक, सगळं आता माझ्या या बोटांखाली आहे, आणि मी काही करायचं नाही. इतकं कठीण काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

शेवटच्या मिनिटात दादा अडले. एक अक्षर वाजलं आणि त्यांच्याकडून काही आलं नाही. त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. ते अक्षर कोणतं होतं ते मला आजही आठवतं. मी पेन्सिल कागदापासून उचलून धरली आणि तेवढी जागा मोकळी सोडली. मग त्यांचा आवाज पुन्हा आला, पुढच्या अक्षरापासून, आणि मी पुढच्या अक्षरापासून लिहायला लागले.

पाच झाल्या होत्या. अजून दहा-बारा अक्षरं बाकी होती. मी देवाला फार मानत नाही, पण त्या दहा-बारा अक्षरांत कुणाकुणाला हाक मारली ते मलाच माहीत.

टेप थांबली. परीक्षकांनी कागद आपल्याकडे ओढला आणि मजकुराशी ताडून बघत एकेका चुकीभोवती लाल गोल केला. आम्ही दोघं बसून होतो. बाहेर व्हरांड्यात वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या दाराच्या कडीवर वाजत होत्या. परीक्षकांनी परत एकदा पहिल्यापासून मोजलं.

"पाच," ते म्हणाले. "पास." आणि उठून त्यांनी दादांचा हात हातात घेतला.

ते बाहेर गेल्यावर दादा तसेच बसून राहिले. हसले नाहीत, काही नाही. मला वाटलं, कळलं नाही की काय यांना. मग त्यांनी कागदाच्या दिशेने हात पुढे केला, मी तो त्यांच्या बोटांखाली सरकवला. डाव्या हाताने लिहिताना मी पेन्सिल फार दाबायचे. खोल उमटलेल्या त्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"पाचही माझ्याच ना?" त्यांनी विचारलं.

"पाचही तुमच्याच," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली आणि तिथेच, त्या टेबलावर, ते रडले.